पालथा रुग्ण कोसळला तर: सीपीआर न थांबवता खाटेजवळची सोनोग्राफी कशी करायची

२०२१ची दुसरी लाट, एप्रिलअखेरची रात्र. व्हेंटिलेटरवर पालथ्या घातलेल्या एका रुग्णाचा ईटीसीओटू (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) एकदम खाली आला आणि आर्टरियल लाइनची (धमनीतलं बीपी सतत दाखवणाऱ्या नळीची) रेघ सपाट झाली. रेसिडेंटने लगेच पाठीवर कॉम्प्रेशन (सीपीआरचे दाब) सुरू केलं, ते बरोबरच होतं. मी सोनोग्राफीचा प्रोब घेऊन डाव्या कुशीशी वाकलो आणि म्हणालो, "थांबा, बघतो." गादीची हवा सोडलेली होती, प्रोब आत शिरेना. स्क्रीनवर नुसती बरगडीची सावली. जागा बदलली, पुन्हा बरगडी. सिस्टर म्हणाल्या, "सर, पंचवीस सेकंद झाले." मी प्रोब बाजूला केला, कॉम्प्रेशन पुन्हा सुरू झालं. रुग्ण वाचला नाही. त्या पंचवीस सेकंदांमुळे गेला असं मी म्हणू शकत नाही, पण ते पंचवीस सेकंद माझ्या हातून गेले, हे मला आजही पक्कं आठवतं.

त्यानंतर आम्ही आमची पद्धत बदलली. पालथ्या रुग्णात हृदय कुठून दिसतं हे तो कोसळल्यावर शोधायचं नाही. तो स्थिर असताना जागा शोधायची, त्वचेवर मार्करने खूण करायची आणि एक क्लिप मशीनमध्ये ठेवायची. मग नाडी गेली की प्रोब थेट खुणेवर जातो. हा लेख त्या पद्धतीबद्दल आहे. तो भूलतज्ज्ञ, फिजिशियन आणि आयसीयूतल्या रेसिडेंटसाठी लिहिला आहे. ज्यांना उताण्या रुग्णाची साधी इको आणि फुप्फुसाची सोनोग्राफी येते, त्यांना यातलं सगळं जमेल.

आपल्याकडे पालथं घालण्याची वेळ फक्त कोविडमुळे आली नाही. कापूस-सोयाबीनच्या फवारणीचं औषध पोटात गेलेला, उलटी फुप्फुसात उतरलेला तरुण शेतकरी. पावसाळ्यातला डेंग्यू किंवा लेप्टो. स्वाइन फ्लूची बाळंतीण. छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत कुठल्याही मोठ्या आयसीयूत एआरडीएस (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घेईनाशी होणं) या वाटांनी येतो. २०१३ साली फ्रान्समधून आलेल्या प्रोसेव्हा अभ्यासाने दाखवून दिलं की पीएफ रेशो (रक्तातला ऑक्सिजन आणि दिलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर) १५०च्या खाली असलेल्या रुग्णाला लवकर आणि सलग किमान १६ तास पालथं ठेवलं तर मृत्यू निम्म्यावर येतात: २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्के. म्हणजे रुग्ण दिवसाचा दोन तृतीयांश वेळ पालथाच असणार. कोसळायचा तर बहुधा तेव्हाच कोसळणार.

पालथं घालण्याआधीची पंधरा मिनिटं

रुग्ण उताणा असतानाच एकदा नीट इको करून घ्या. तीन गोष्टी लिहून ठेवा: डावा व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) कसा आकुंचतो, उजवा डाव्याच्या तुलनेत किती मोठा आहे, पेरिकार्डियममध्ये (हृदयाभोवतीच्या आवरणात) पाणी आहे का. दोन्ही फुप्फुसांवर समोरून प्रोब ठेवून स्लायडिंग (श्वासाबरोबर फुप्फुसाच्या आवरणाचं सरकणं) बघा. आयसीडी (छातीतली हवा काढणारी नळी) टाकण्याजोगा न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा) असेल तर तो आधी सोडवा. पालथं घातल्यावर तेच काम तिप्पट अवघड होतं.

ईसीजीचे इलेक्ट्रोड पाठीवर घ्या. रुग्ण डळमळीत असेल, नॉरॲड (बीपी वाढवणारं औषध) चढं असेल, तर डिफिब्रिलेटरचे पॅडही आधीच लावून टाका: एक डाव्या काखेच्या मधल्या रेषेत, दुसरा उजव्या स्कॅप्युलावर (खांद्याच्या पात्यावर), किंवा दोन्ही काखांत एकेक. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. डावीकडचा पॅड थोडा वर, काखेजवळ घ्या. तो खाली सरकला तर हृदय पाहण्याची सगळ्यात चांगली जागा त्याच्याखाली झाकली जाते आणि ऐनवेळी पॅड उचकटण्याचा मोह होतो.

नातेवाइकांशी बोलणंही याच पंधरा मिनिटांत येतं. आमच्याकडे हमखास येणारा प्रश्न: "डॉक्टर, माणसाला असं पालथं घातलं तर श्वास कसा घेईल?" मी त्यांना माझ्याच पाठीवर हात ठेवून दाखवतो की फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो आणि उताणं झोपल्यावर तोच दबतो. आणि हेही सांगतो की पालथ्या अवस्थेत हृदय थांबलं तर आम्ही पाठीवरूनच दाब देऊ. हे आधी सांगितलेलं असलं की काचेतून कोणी पाठ दाबताना पाहिलं तरी बाहेर गोंधळ होत नाही.

गादी, उशा आणि डावा हात

पालथ्या रुग्णात चित्र मिळणं बरंचसं मांडणीवर अवलंबून असतं. डावा हात वर, चेहरा डावीकडे, उजवा हात अंगालगत खाली: पोहणारा माणूस हात मारतो तशी स्थिती. डावा हात वर गेला की काख मोकळी होते, बरगड्यांमधल्या फटी रुंदावतात आणि स्कॅप्युला बाहेर फिरतो, त्यामुळे पाठीवरून फुप्फुसही जास्त दिसतं. दर काही तासांनी हात आणि मान बदलायचीच असते, पण रुग्ण अस्थिर असेल त्या पाळीत डावा हात वर असलेला बरा.

छातीच्या वरच्या भागाखाली एक उशी आणि ओटीपोटाखाली एक. पोट मोकळं लोंबतं राहिलं पाहिजे. डाव्या छातीच्या वरच्या भागाखाली चादरीची घट्ट गुंडाळी घाला, म्हणजे कुशीखाली हात जाईल एवढी फट राहते. हवेच्या गादीवर ही गुंडाळी फार महत्त्वाची, कारण कॉम्प्रेशनसाठी गादीची हवा सोडली की रुग्ण टणक तळावर बसतो आणि गुंडाळी नसेल तर फट मिटून जाते. मी त्या रात्री अडकलो तो नेमका इथे.

पालथं घालून पंधरा-वीस मिनिटं झाली आणि आकडे स्थिरावले की लगेच जागा शोधा. सापडली की मार्करने गोल करा. पाठीवर डावीकडे "डा" आणि उजवीकडे "उ" असं ठळक लिहा. हे बाळबोध वाटेल. पण पायथ्याशी उभं राहून पाहिलं तर उताण्या माणसाची डावी बाजू आपल्या उजवीकडे असते आणि पालथ्याची आपल्याही डावीकडे. पहाटे तीनला, गडबडीत, अनुभवी माणूसही उजव्या कुशीत हृदय शोधताना मी पाहिला आहे.

कुठून काय दिसतं

*डाव्या कुशीतून चार कप्पे.* फेज्ड ॲरे प्रोब घ्या, नसेल तर पोटाचा वक्र प्रोबही चालतो. पाचव्या-सहाव्या फटीत, काखेच्या पुढच्या रेषेपासून समोर सरकत, गादी आणि छाती यांच्या मधून हात सपाट ठेवून प्रोब आत घाला. पालथं झाल्यावर हृदयाचं टोक छातीच्या भिंतीकडे झुकतं, मधलं फुप्फुस बाजूला होतं, त्यामुळे हे चित्र कधीकधी उताण्यापेक्षा चांगलं येतं. प्रोबची खूण रुग्णाच्या पाठीकडे, म्हणजे आता छताकडे ठेवा. कार्डियाक सेटिंगमध्ये डावा व्हेंट्रिकल स्क्रीनच्या उजवीकडे येईल. पण बाजूवर विसंबू नका, मशीनच्या सेटिंगप्रमाणे ती उलटते. ट्रायकस्पिड झडप मायट्रलपेक्षा टोकाच्या किंचित जवळ बसलेली असते. ज्या बाजूची झडप टोकाच्या जवळ, तो उजवा.

खोली १५-१६ सेंटिमीटर ठेवा. चित्र मिळालं की पाच-सहा सेकंदांची क्लिप साठवा. हीच तुमची मूळ क्लिप. पुढे उजवा व्हेंट्रिकल मोठा दिसला, तर तो आज मोठा झाला की कालही तसाच होता, हे फक्त ही क्लिप सांगू शकते.

*पाठीवरून हृदय.* हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. डाव्या स्कॅप्युलाच्या खाली, मणक्यालगत प्रोब ठेवला आणि डावं खालचं फुप्फुस घट्ट झालेलं असेल किंवा तिथे पाणी असेल, तर त्यातून मागच्या बाजूने हृदय दिसतं. आधी महाधमनी, मग डावा एट्रियम, त्यापलीकडे व्हेंट्रिकल. हवा भरलेल्या फुप्फुसातून हे दिसत नाही. त्यामुळे पालथं घालून काही तासांत ही जागा बंद झाली तर वाईट वाटून घेऊ नका. पाठीकडचं फुप्फुस उघडलं, म्हणूनच ती बंद झाली.

नेहमीची पोटावरची, बेंबीच्या वरची जागा पालथ्या रुग्णात विसरा. तिथे हात घालायला जाणं म्हणजे वेळ घालवणं.

*उजव्या कुशीतून लिव्हर आणि व्हेना केव्हा (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर).* काखेच्या मधल्या रेषेत, आठव्या ते दहाव्या बरगडीच्या सुमारास, खूण डोक्याकडे, प्रोबचा रोख मणक्याकडे. लिव्हर ओलांडून व्हेना केव्हा लांबट दिसते. तिच्या रुंदीवरून सलाईन द्यायचं की नाही हे ठरवू नका. पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो तो दाब) जास्त, पोटावर दाब, त्यामुळे मधले आकडे फसवतात. अगदी चिपकलेली किंवा अगदी टम्म फुगलेली, एवढंच कामाचं. इथूनच किडनी आणि लिव्हरमधली पोकळीही दिसते. पण पालथ्या रुग्णात पोटातलं मोकळं रक्त पुढे, पोटाच्या भिंतीकडे उतरतं. म्हणून इथे काही दिसलं तर खरं माना, दिसलं नाही म्हणून पोट साफ आहे असं समजू नका.

*फुप्फुसं.* पालथ्या रुग्णात पाठ मोकळी, म्हणजे हे काम सर्वांत सोपं. एकच गोष्ट उलटी झाली आहे हे लक्षात ठेवा: हवा वर जाते, पाणी खाली. उताण्या रुग्णात न्यूमोथोरॅक्स छातीच्या पुढच्या भागात शोधतो, इथे तो पाठीच्या सर्वांत उंच भागात, स्कॅप्युला आणि मणका यांच्या मधे आणि स्कॅप्युलाच्या लगेच खाली शोधायचा. पाणी मात्र पुढे उतरलेलं असतं, ते कुशीतून गादीलगत बघावं लागतं. लिनियर प्रोब, दोन्ही बाजूंना दोन-दोन जागा. स्लायडिंग दिसत नसेल तर एम-मोड (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारा) लावा. वाळूच्या किनाऱ्यासारखी कणीदार रचना दिसली तर फुप्फुस हलतंय, नुसत्या आडव्या समांतर रेघा असतील तर नाही. बी-लाइन (फुप्फुसाच्या आवरणापासून खाली जाणारी उभी चकचकीत रेघ) दिसली तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही.

*गुडघ्याची लवण.* पालथं घालण्याचा हा एक फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. जांघेतली शीर झाकली जाते, पण गुडघ्यामागची लवण पूर्ण उघडी असते. लिनियर प्रोब आडवा ठेवा, शीर दिसली की हलकं दाबा. पूर्ण चपटी झाली तर त्या जागी गुठळी नाही. दोन्ही पाय मिळून एक मिनिट लागतं आणि कॉम्प्रेशन चालू असतानाही हे करता येतं.

बीपी पडतंय, पण नाडी आहे

आधी हात लावून पाहण्याच्या गोष्टी, मग प्रोब. ट्यूब ओठाशी किती सेंटिमीटरला आहे, कुठे दुमडली का, सक्शन कॅथेटर आत जातो का, औषधाचा पंप चालू आहे का. आणि पोटाखाली हात घाला. एकदा एका रुग्णाचं बीपी दर दोन तासांनी खाली येत होतं, नॉरॲड वाढत चाललं होतं. प्रोब लावला तर डावा व्हेंट्रिकल जवळजवळ रिकामा, भिंती एकमेकींना टेकत होत्या. रेसिडेंटने सलाईनची बाटली हातात घेतली होती. मावशींनी चादर सरळ करताना ओटीपोटाची उशी पोटाच्या मध्यावर सरकलेली पाहिली. दोघांनी उचलून उशी जागेवर नेली आणि दहा मिनिटांत बीपी वर आलं. पोट दाबलं गेलं की व्हेना केव्हा दबते, रक्त हृदयाकडे परतत नाही. रिकामा व्हेंट्रिकल दिसला तर पहिला प्रश्न उशी कुठे आहे, दुसरा रक्तस्राव आहे का, आणि सलाईन त्यानंतर.

उजवा व्हेंट्रिकल मोठा दिसला तर नीट विचार करा. पालथं घातल्याने साधारणपणे उजव्या बाजूवरचा भार हलका होतो. मूळ क्लिपशी तुलना करून तो आज वाढलेला दिसत असेल, उजवा डाव्याच्या ०.६ पटीहून मोठा, दोन्हींमधला पडदा डावीकडे ढकललेला, तर काहीतरी नवीन घडलं आहे: पीप फार वाढवलंय, कार्बन डायऑक्साइड चढलाय, कफाचं बूच बसलं, किंवा गुठळी. प्लॅटो प्रेशर (श्वास भरून थांबवल्यावरचा फुप्फुसातला दाब) बघा, ते ३०च्या खाली आणायचा प्रयत्न करा, एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायूंची तपासणी) पाठवा, लवणीत प्रोब लावा. अशा हृदयाला सलाईनची बाटली देणं म्हणजे आधीच ताणलेल्या पिशवीत आणखी भरणं.

एका बाजूचं स्लायडिंग गेलं, पण एम-मोडवर हृदयाच्या ठोक्याबरोबर प्ल्युरा (फुप्फुसाचं आवरण) थरथरतोय, तर तो न्यूमोथोरॅक्स नाही. त्या बाजूला हवा जात नाहीये. डावी बाजू असेल तर ट्यूब उजव्या ब्राँकसमध्ये (श्वासनळीच्या शाखेत) गेली असण्याची शक्यता मोठी. थरथरही नाही, बी-लाइनही नाही आणि बीपी पडतंय, तर ताणाचा न्यूमोथोरॅक्स (कोंडलेली हवा हृदयावर दाब आणते तो) समजून चालायचं.

नाडी गेली

ट्यूब नसलेला, जागेपणी पालथा झोपवलेला रुग्ण असेल तर त्याला लगेच उताणं करा आणि नेहमीचा सीपीआर. पुढचं सगळं ट्यूब असलेल्या रुग्णासाठी आहे.

कॉम्प्रेशन आहे त्या स्थितीत, ताबडतोब. दोन्ही स्कॅप्युलांच्या खालच्या टोकांना जोडणारी रेषा मनात आखा. ती साधारण छातीमागच्या सातव्या मणक्यावर येते. हाताचा तळवा तिथून खाली, सातव्या ते दहाव्या मणक्याच्या पट्ट्यात. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. गादीची हवा सोडा. जमल्यास छातीच्या हाडाखाली वाळूची पिशवी किंवा दुसऱ्याची मूठ द्या, म्हणजे दाब गादीत जिरत नाही. मणक्याची शस्त्रक्रिया चालू असताना जखम मधोमध उघडी असेल तर हात जखमेच्या दोन बाजूंना.

पाठीवरून दाब पुरतो का, अशी शंका सगळ्यांना येते. २००३ साली सहा रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नेहमीचा सीपीआर अयशस्वी ठरल्यावर त्यांना पालथं करून दाब दिला तेव्हा सरासरी सिस्टोलिक (वरचं बीपी) ४८वरून ७२ झालं. सहाच रुग्ण, त्यामुळे त्यावर फार मोठा दावा उभा करता येत नाही. तुमच्या रुग्णात दाब पुरतोय का हे आर्टरियल लाइन सांगेल: डायस्टोलिक (खालचं बीपी) २५च्या वर राहायला हवं. ईटीसीओटूवरही नजर ठेवा. दोन्ही सुधारत नसतील तर हात थोडे वर-खाली सरकवा; तरीही नाही, तर उताणं करायची तयारी.

प्रोबचं काम याच्या आत बसवायचं. २०१७च्या एका अभ्यासात सोनोग्राफी केली तेव्हा नाडी तपासण्याचा थांबा सरासरी २१ सेकंदांचा झाला होता, नाही केली तेव्हा १३ सेकंदांचा. प्रोबने मदत करायची तर आधी त्याने नुकसान करू नये. आम्ही पुढची पद्धत ठरवली आहे.

टीमचा प्रमुख प्रोब धरत नाही. तो पायथ्याशी उभा राहतो. प्रोब धरणाऱ्याने फक्त प्रोब धरायचा, कॉम्प्रेशनसाठी दोघे आलटून पालटून, एक डोक्याशी ट्यूब सांभाळणारा. वेळ मोजण्याचं काम सिस्टरांचं, आणि त्यांचा शब्द शेवटचा. मशीन रुग्णाच्या डाव्या बाजूला, स्क्रीन प्रोबवाल्याला मान न वळवता दिसेल असं.

कॉम्प्रेशनच्या फेरीची दोन मिनिटं पूर्ण व्हायला पंधरा सेकंद असताना सिस्टर "पंधरा" म्हणतात. कॉम्प्रेशन चालूच. प्रोब मार्करच्या गोलावर टेकतो, चित्र धडधडत असलं तरी हृदयाची कड सापडते. ती सापडली तरच बघायचं. नाही सापडली तर या थांब्यात इको नाही, फक्त रिदम (ईसीजीवरची लय). "थांबा" म्हणताच रेकॉर्डचं बटण, बॅगिंग (बॅगने श्वास देणं) बंद, आणि सिस्टर मोठ्याने मोजतात: एक, दोन, तीन... आठला कॉम्प्रेशन करणाऱ्याचे हात पाठीवर आलेले असतात. दहाला दाब सुरू. चित्र मिळालं की नाही याची वाट कोणी पाहत नाही. क्लिप मग, कॉम्प्रेशन चालू असताना बघायची. आणि शॉक देण्याजोगा रिदम असेल तर आधी शॉक, इको नाही.

एका थांब्यात एकच प्रश्न. पहिल्यात: हृदय हलतंय का. स्नायूची एकसंध हालचाल हवी, भिंत आत येते आणि झडप उघडते अशी. नुसतं झडपेचं फडफडणं किंवा रक्ताचं घोळणं धरायचं नाही. बॅगिंग थांबवायचं ते यासाठीच, फुप्फुसाच्या हालचालीने हृदय हलल्याचा भास होतो. दुसऱ्यात: हृदयाभोवती पाणी आहे का. तिसऱ्यात: उजवा डाव्याच्या तुलनेत किती मोठा. तिन्ही एकदम बघायला गेलं की तिन्ही अर्धवट राहतात.

२०१६ साली ७९३ रुग्णांवरचा अभ्यास आला, नाडी नसलेल्या आणि शॉक देण्याजोगा रिदमही नसलेल्यांचा. हृदयाची हालचाल दिसली त्यांतले ३.८ टक्के घरी गेले, न दिसलेल्यांतले ०.६ टक्के. हे रुग्ण आपल्यासारखे व्हेंटिलेटरवर पालथे नव्हते. तेव्हा "हालचाल नाही" एवढ्यावर प्रयत्न सोडू नका. कारण शोधायला आणखी जोर लावा.

उजवा व्हेंट्रिकल मोठा दिसला म्हणजे गुठळीच, असं मात्र नाही. हृदय थांबल्यावर काही मिनिटांत कुठल्याही कारणाने तो फुगतो. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा निर्णय लवणीतली न दबणारी शीर, मूळ क्लिप आणि रुग्णाची हकिगत एकत्र ठेवून वरिष्ठांनी घ्यावा.

फुप्फुसं आणि लवण यांच्यासाठी थांबा लागत नाही. फुप्फुस बघताना मात्र बॅगिंग चालू हवं आणि कॉम्प्रेशनच्या धक्क्याने स्लायडिंगचा भास होतो हे लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना स्लायडिंग नाही आणि ईटीसीओटूची लाट सपाट, तर आधी ट्यूब. हृदय थांबलेलं असताना ठोक्याची ती थरथरही नसते, त्यामुळे बंद ट्यूब आणि न्यूमोथोरॅक्स पडद्यावर सारखे दिसू शकतात. मधे दोन श्वास हाताने देऊन बॅग किती कडक लागते ते पाहा.

ताणाचा न्यूमोथोरॅक्स असेल तर उताणं करायची वाट पाहू नका. डावा हात वर असला की डावी काख उघडीच असते. उजवीकडे हात बाजूला घ्यायला एक माणूस पुरतो. चौथ्या-पाचव्या फटीत, काखेच्या मधल्या रेषेच्या किंचित पुढे, छेद देऊन बोट आत. हवा सुटल्याचा आवाज येतो. आयसीडी नंतर.

ज्यांच्याकडे टीईई (अन्ननलिकेतून हृदय दाखवणारा) प्रोब आणि तो टाकणारा हात आहे, त्यांचं काम खूप सोपं होतं. चेहरा बाजूला वळलेला असतो, ट्यूबच्या कडेने प्रोब जातो आणि दाब चालू असतानाच हृदय सतत दिसतं. दाब डाव्या व्हेंट्रिकलवर पडतोय की त्यातून रक्त बाहेर जाण्याच्या वाटेवर, हेही कळतं आणि हात त्याप्रमाणे सरकवता येतात. मणक्याच्या शस्त्रक्रियेत अचानक कोसळलेल्या रुग्णात उजव्या बाजूला हवेचे बुडबुडे दिसले तर रक्तात हवा शिरल्याचं निदान तिथेच झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी टीईई क्वचितच असतो. त्याच्याशिवाय वरचं सगळं करता येतं.

उताणं कधी करायचं

हृदयाभोवती पाणी दिसलं आणि सुई घालायची, तर उताणं करावंच लागेल. ट्यूब निसटली आणि पालथ्यातच ती परत बसवणं जमत नाही, तर उताणं. डायस्टोलिक २५च्या वर येत नाही, तर उताणं. फक्त चांगलं चित्र मिळावं म्हणून कधीच नाही. आमच्याकडे दिवसा पाच-सहा जण मिळतात. रात्री मामा (वॉर्डबॉय) दुसऱ्या वॉर्डातून बोलवावे लागतात. म्हणून प्रमुखाने पहिल्याच मिनिटाला माणसं बोलवायला सांगायचं, निर्णय व्हायच्या आधी. माणसं जमेपर्यंत दाब पाठीवर चालू. उलटवण्याआधी पॅड, लाइन, ट्यूब, कॅथेटर कोण धरणार हे नाव घेऊन सांगा. उताणं झाल्यावर पहिली कॉम्प्रेशन, मग ट्यूब, आणि इको त्यानंतरच्या थांब्यात.

जेल, मशीन आणि कायदा

जेल प्रोबवर घ्या, रुग्णाच्या पाठीवर नाही. मणक्यावर जेल सांडलं की दाब देणाऱ्याचे तळवे घसरतात, आणि पॅडजवळ सांडलं की पॅड सुटतो. एका हातात कोरडा गॉझ असू द्या, प्रोब उचलला की लगेच पुसून घ्या. जेल संपलं असेल तर सलाईनने भिजवलेला गॉझ त्वचेवर दाबा, हृदय हलतंय का एवढं दिसतं. खोबरेल तेल लावू नका, प्रोबचं रबर खराब होतं. सॅनिटायझर तर अजिबात नाही, शॉक देताना ते पेट घेऊ शकतं. बॅटरी रोज सकाळी पूर्ण चार्ज आहे ना ते पाहा. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या सेकंदांत मशीन बंद पडलं तर पुन्हा चालू व्हायला मिनिट जातं.

आपल्या भागात हे मशीन वापरताना पीसीपीएनडीटी कायदा (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा) विसरून चालत नाही. १९९४चा कायदा, २००३ची दुरुस्ती, आणि २०१२च्या नियमांनुसार पोर्टेबल मशीन ज्या रुग्णालयाच्या नावावर नोंदलेलं आहे त्याच्या आवारातच, दाखल रुग्णांसाठी वापरता येतं; फिरत्या वैद्यकीय पथकाची तरतूद वेगळी. २०११च्या जनगणनेत राज्यात मुलींचं प्रमाण सर्वांत कमी बीड जिल्ह्यात निघालं होतं. त्यामुळे तपासणी इथे कडक असते, आणि ती असायलाच हवी. आयसीयूतलं मशीन नोंदणी प्रमाणपत्रावर आहे का, ते चालवणाऱ्या डॉक्टरांची नावं त्यात आहेत का, हे युनिटच्या प्रमुखाने स्वतः पाहून घ्यावं. शेजारच्या दवाखान्यातून "एका रात्रीसाठी" मशीन आणू नये. रुग्ण गरोदर असेल तर फॉर्म एफ (याच कायद्याखालचा सोनोग्राफीच्या नोंदीचा अर्ज) भरावाच लागतो. धावपळ निवळली की त्याच पाळीत भरून टाका.

सराव

महिन्यातून एकदा, दुपारच्या शांत वेळी, आम्ही एका रिकाम्या खाटेवर रेसिडेंटलाच पालथं झोपवतो. हवेची गादी, उशा, चादरीची गुंडाळी, सगळं खरं. दुसरा रेसिडेंट डाव्या कुशीतून चार कप्पे शोधतो, सिस्टर दहापर्यंत मोजतात. कॉम्प्रेशन अर्थातच मॅनिकिनवर. पहिल्या दिवशी बहुतेकांना मिनिटभर लागतं. तीन-चार महिन्यांत खुणेवर प्रोब टेकवून कड सापडायला पाच सेकंद पुरतात. आणि प्रत्येक पालथ्या रुग्णात, रोजच्या राउंडला, गोल पुसट झाला असेल तर मार्करने पुन्हा गडद करायचा, हात बदलल्यावर जागा सरकली असेल तर नवा गोल काढून जुना खोडायचा, आणि चार्टच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचं: कुठली जागा, किती खोली, मूळ क्लिपची वेळ काय. रात्रीच्या पाळीवर येणारा डॉक्टर तो कोपरा आधी वाचतो.